नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचे इंजिन बसले तर : खोलण्यापूर्वीचे आणि खोलल्यानंतरचे काम

कोल्हापुरात इंजिन खोलून घेणे फार सोपे आहे आणि नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीच्या मालकाचे नुकसान पुष्कळदा याच सोयीमुळे होते. डिझेल ऑइल इंजिने आणि फौंड्री यांच्या जोरावर वाढलेल्या या शहरात, शिवाजी उद्यमनगरात हेड प्लेन करणारा, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) घासणारा, बोअर मारणारा आणि लायनर बसवणारा असे सगळे हाकेच्या अंतरावर भेटतात. शिवाय प्रत्येक घरात एखादा मेव्हणा असतोच, ज्याच्या ओळखीचा मिस्त्री सकाळी ओढून आणलेल्या गाडीचे इंजिन संध्याकाळपर्यंत पोत्यावर मांडून दाखवतो. दुरुस्तीसाठी ही सोय उत्तमच आहे. परंतु गाडी घेऊन पंधरा दिवसच झाले असतील आणि दोष आधीपासूनचा आहे असे विक्रेत्याला दाखवून द्यायचे असेल, तर त्याच्या अनुपस्थितीत खोललेले इंजिन पुरावा म्हणून जवळजवळ निकामी होते, कारण खोलण्यापूर्वी ते कोणत्या अवस्थेत होते हे सांगणारे नंतर फक्त तुम्ही आणि तुमचा मिस्त्री एवढेच उरता.

माझ्या बाबतीत ही चूक होता होता राहिली. शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून मी ४,६०,००० रुपयांना एक डिझेल गाडी घेतली आणि तेराव्या दिवशी गगनबावड्याहून परत येताना, कळे गाव यायच्या आधी, एका वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. वायरिंगचे काहीतरी असेल असे समजून मी आणखी चार किलोमीटर गाडी चालवली. पुढे खालून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला आणि मिनिटभरात इंजिन जाम झाले. त्या चार किलोमीटरांची किंमत मी पुढे मोजली. तो हिशेब योग्य ठिकाणी येईल.

रस्त्यावरची पहिली दहा मिनिटे

ऑइलचा लाल दिवा हा ऑइल कमी झाल्याचा नव्हे, तर ऑइलचा दाब पडल्याचा इशारा असतो आणि दाब नसताना बेअरिंग निकामी होण्यास काही मिनिटेही लागत नाहीत. त्यामुळे तो दिवा क्षणभर जरी लागला, तरी गाडी डाव्या बाजूला सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. वळणावर किंवा चढावर दिवा लुकलुकणे याचा अर्थ बहुधा असा असतो की चेंबरमधले, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यातले, ऑइल एका बाजूला सरकल्यावर पंपाच्या जाळीला हवा मिळत आहे, म्हणजेच ऑइल फार कमी आहे किंवा जाळी गाळाने बुजली आहे. टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, तसेच तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण ॲल्युमिनियमचे हेड अशाने वाकू किंवा तडकू शकते.

यानंतरचा सर्वांत मोठा मोह पुन्हा एकदा सेल मारून पाहण्याचा असतो, आणि तो टाळलाच पाहिजे. टायमिंग बेल्ट तुटलेला असेल तर बहुतेक आधुनिक इंजिनांत प्रत्येक सेलबरोबर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. वीस हजारांचे काम एका सेलने लाखाचे होऊ शकते.

गाडी हलवण्यापूर्वी मोबाइलवर पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात : मीटरवरचे किलोमीटर, चावी नुसती ‘ऑन’ केल्यावर लागणारे दिवे, ऑइलची पट्टी पुसून, बुडवून पुन्हा काढल्यावर दिसणारी पातळी, कूलंटच्या बाटलीतली पातळी आणि गाडीखालच्या जमिनीवर ऑइल किंवा पाणी सांडले आहे की नाही. चावी ऑन केल्यावर ऑइलचा आणि इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे; तो मुळीच लागत नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केल्याचा संशय घ्यायला जागा आहे, आणि हे चित्रीकरण पुढे फार उपयोगी पडते. पुणे–बंगळूर महामार्गावर असाल तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मिळते. विम्यासोबत रस्त्यावरील मदतीचे कलम घेतले असेल तर त्या क्रमांकावर करावयाचा फोन अधिक फायद्याचा, कारण त्याची वेळेसह नोंद राहते. गाडी शक्यतो सपाट पाठीच्या वाहनावरूनच न्यावी. दोरीने ओढताना इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, आणि ऑटोमॅटिक गाडीची चालती चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्सही जाण्याचा धोका असतो.

इंजिनच गेले आहे, याची खात्री

‘इंजिन बसले’ हे निदान फोनवर फार लवकर केले जाते. गाडी सुरू होत नाही एवढ्यावरून ते ठरत नाही. बॅटरी, स्टार्टर, इंधन पंप, क्रँक सेन्सर किंवा चावीची इमोबिलायझर यंत्रणा यांपैकी काहीही बिघडले तरी गाडी तशीच निपचित पडते. अल्टरनेटर किंवा एसी काँप्रेसरचे बेअरिंग अडकले तरी इंजिन जाम झाल्यासारखे वाटते, म्हणून बाहेरचा पट्टा काढून, टायमिंग शाबूत असल्याचे पाहून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून पाहावे. ते हाताने फिरत असेल तर निम्मी काळजी मिटते. या तपासणीसाठी इंजिन खोलावे लागत नाही, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी करून घेण्यास हरकत नाही; मात्र तिचेही चित्रीकरण असावे.

विक्रेत्याला कळवणे : पहिले दोन दिवस

गाडी उद्यमनगरात पोहोचली तेव्हा माझ्या मेव्हण्याने अपेक्षेप्रमाणे “लगेच खोलूया” असा आग्रह धरला होता. मिस्त्रींनीच नकार दिला. हात पुसत ते म्हणाले, “साहेब, मी खोललं की ते सगळं माझ्या आन् तुमच्या गळ्यात. आधी त्यास्नी बोलवा, मग पाना लावतो.” कोणत्याही वकिलाने यापेक्षा नेमका सल्ला दिला नसता.

तेव्हा बिघाड झाल्यापासून शक्यतो अठ्ठेचाळीस तासांच्या आत विक्रेत्याला लेखी कळवावे. फोनवर भांडण करून काहीही साधत नाही. व्हॉट्सॲप, ईमेल आणि पोस्ट अशा तिन्ही मार्गांनी एकच मजकूर पाठवावा. रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टनेच पाठवून पोच झाल्याची नोंद जपून ठेवावी. मजकूर थोडक्यात असा असावा :

“दिनांक … रोजी आपल्याकडून एम.एच. ०९ … या क्रमांकाची गाडी … रुपयांना विकत घेतली, तेव्हा मीटरवर … किलोमीटर होते. दिनांक … रोजी, … किलोमीटर धावल्यानंतर, … येथे ऑइलचा दिवा लागून इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज आला व इंजिन बंद पडले. त्यानंतर ते सुरू केलेले नाही व खोललेले नाही. गाडी सध्या … येथे उभी आहे. ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत आपण स्वतः किंवा आपल्या मेकॅनिकने येऊन संयुक्त तपासणी करावी. आपण न आल्यास त्रयस्थ मेकॅनिक व दोन साक्षीदार यांच्यासमोर, चित्रीकरणासह, तपासणी करण्यात येईल. माझे सर्व कायदेशीर हक्क मी राखून ठेवत आहे.”

या मजकुरात आरोप नाही, शिवी नाही आणि रकमेची मागणीही नाही, हे लक्षात घ्यावे. ‘फसवणूक केली’ हा शब्द पहिल्याच पत्रात आला की समोरचा माणूस वकिलाकडे जातो आणि पाहायला कोणी येत नाही. आपल्याला तो गाडीजवळ यायला हवा आहे. मीही दिवा लागल्यानंतर चार किलोमीटर गाडी चालवल्याचे पत्रात लपवले नाही. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली असती तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

संयुक्त तपासणी कशी करावी

या टप्प्यावर घाई करू नये. दोन्ही बाजू हजर झाल्यावर प्रथम चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मीटर यांचे फोटो घ्यावेत, इंजिनच्या झाकणांवरील बोल्ट आधी उघडल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे, आणि मग स्कॅनर जोडावा. गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड विक्रीपूर्वी पुसून टाकलेले असू शकतात. परंतु पुष्कळ गाड्यांत कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर धावली याचीही नोंद वाचता येते. तुम्ही गाडी ४२० किलोमीटर चालवलेली असेल आणि कोड ४५० किलोमीटरपूर्वी पुसले गेले असतील, तर त्या तीस किलोमीटरांचा खुलासा विक्रेत्याने करायला हवा. मात्र बॅटरी काढून पुन्हा लावल्यानेही काही गाड्यांत ही नोंद शून्यावर येते, म्हणून तेवढ्या एका आकड्यावर सगळा डोलारा उभा करू नये.

पुढची तपासणी बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून असते. धूर, मिसिंग (इंजिन अडखळत चालणे) किंवा ताकद कमी होणे अशी तक्रार असेल तर काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन निर्माण करतो तो हवेचा दाब, तपासावे. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार आणि डिझेलमध्ये बहुधा २५ बारच्या वर दाब अपेक्षित असतो, तरी कंपनीने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. त्याहून महत्त्वाचा असतो तो सिलिंडर-सिलिंडरमधला फरक : तीन सिलिंडर बारा बार दाखवतात आणि एक सातवर अडखळतो, तेव्हा दोष त्या एकात आहे. अशा सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यास, आणि दाब वाढल्यास, रिंगा किंवा बोअर झिजले आहेत असे समजावे. दाब जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधली पट्टी) पाहावे. ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे, कूलंटमध्ये बुडबुडे येणे आणि सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर येणे हीही गॅस्केटचीच लक्षणे आहेत. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याचा असतो.

माझ्या गाडीसारखा ठोकण्याचा आवाज आला असेल तर काँप्रेशनसाठी सेल मारण्याच्या फंदात पडू नये. प्रथम ऑइल स्वच्छ भांड्यात काढावे आणि त्याचे दोन नमुने स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भरून, झाकणावर कागदी पट्टी चिकटवून, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. ऑइलचा दाटपणा आणि त्यातील धातूचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजता येते. पातळ ‘५डब्ल्यू-३०’ ऑइल मागणाऱ्या इंजिनात जाड ‘२०डब्ल्यू-५०’ ऑइल भरून झिजलेल्या बेअरिंगचा आवाज काही दिवस दाबून ठेवणे ही या धंद्यातली जुनी क्लृप्ती आहे आणि ती अशा नमुन्यातून उघडी पडू शकते. त्यानंतर ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात आणि शेवटी चेंबर उतरवावा.

आमचा चेंबर पोत्यावर उपडा केला तेव्हा त्याच्या तळाशी बोटभर जाडीचा काळा, डांबरासारखा गाळ होता आणि पंपाची जाळी निम्म्याहून अधिक बुजलेली होती. मिस्त्रींनी उरलेल्या ऑइलमधून लोहचुंबक फिरवला. तो जवळजवळ स्वच्छच बाहेर आला. पण टॉर्चच्या उजेडात ऑइलमध्ये तांबूस चकाकी दिसत होती. चुंबकाला न चिकटणारी ती तांबूस चूर बेअरिंगची होती. अशा बेअरिंगच्या पोलादी पाठीवर तांब्याच्या मिश्रधातूचा थर असतो आणि त्याच्यावर करड्या, मऊ धातूचा पातळ थर. करडा थर झिजला की तांबडा रंग उघडा पडतो. दुसऱ्या क्रमांकाच्या रॉडची कॅप सोडल्यावर बेअरिंग जागचे फिरलेले दिसले आणि क्रँकचा तो भाग उष्णतेने निळा पडला होता. मिस्त्रींनी त्यावरून अंगठ्याचे नख आडवे ओढले. नख अडकले. “घासायला लागणार,” एवढेच ते बोलले. विक्रेत्याच्या मेकॅनिकनेही मग स्वतःचे नख ओढून पाहिले आणि तो काही बोलला नाही.

निर्णायक ठरला तो मात्र गाळ. बेअरिंग चार किलोमीटरांत जळू शकते, पण बोटभर गाळ तेरा दिवसांत साचत नाही. ऑइल वेळेवर न बदलता हजारो किलोमीटर गाडी चालवल्याशिवाय तो तयार होत नाही. तपासणीत शोधायचे असते ते नेमके हेच : ‘आता काय तुटले’ यापेक्षा ‘काय फार पूर्वीपासून होते’. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसची नोंद मिळाली आणि तिच्यातले किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाले, तर तो पुरावा इंजिनातल्या कोणत्याही पुराव्याहून भारी असतो.

कोल्हापूर, सांगली, शिरोळ भागातली गाडी असेल तर पुराची शंकाही घ्यावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते आणि शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागांतही शिरले होते. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून उभी करता येते. परंतु सीटच्या रुळांवरचा गंज, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी मातीची रेषा, डॅशबोर्डमागच्या कोपऱ्यातील गाळ आणि स्टेपनीच्या खळग्यातला गंज सहसा राहून जातो. जुन्या विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) शून्य असेल तर आदल्या वर्षी दावा झाला असण्याची किंवा विमा खंडित झाला असण्याची शक्यता धरून विक्रेत्याला कारण विचारावे.

तपासणी संपल्यावर तेथल्या तेथे हाताने एक पान लिहावे : कोण हजर होते, काय उघडले, काय दिसले. ‘दोष कोणाचा’ हे त्यात लिहू नये. तसे लिहिले तर विक्रेता सही करणार नाही. दिसले तेवढेच लिहावे आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत भरून, चिठ्ठी लावून स्वतःच्या ताब्यात ठेवावा; गॅरेजमध्ये राहिलेले जुने भाग आठवड्यात भंगारात जातात.

गाडी कोणाकडून घेतली, त्यावर पुढचे अवलंबून

कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या दालनातून किंवा ऑनलाइन व्यासपीठावरून घेतली असेल तर बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सची काही महिन्यांची वॉरंटी असते. तिच्या अटी त्याच रात्री वाचाव्यात, कारण परवानगीशिवाय बाहेर काम केल्यास वॉरंटी रद्द, ही अट जवळजवळ सगळीकडे असते आणि दावा फेटाळण्यासाठी तीच सर्वांत हाताशी असते.

विक्रेता व्यावसायिक असेल, मग तो तोंडी आश्वासनावर विकणारा का असेना, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो, मात्र गाडी व्यापारी कामासाठी घेतलेली नसावी. “मी फक्त मध्यस्थ, मालक दुसराच” हे उत्तर ठरलेले असते. अशा वेळी पैसे कोणाच्या खात्यात गेले हे बँकेच्या उताऱ्यावरून दाखवावे; रोखीने दिले असतील तर व्हॉट्सॲपवरचा किमतीविषयीचा संवाद उपयोगी पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार नोंदणीकृत वाहनांचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला परिवहन खात्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना दिल्यानंतर तोच मालक मानला जातो. त्यामुळे प्राधिकारपत्राची प्रत मागणे हा साधा प्रश्नही वाटाघाटींचा सूर बदलतो.

ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते, म्हणजे गाडी पुण्याहून आणली असली तरी दावा कोल्हापुरात चालू शकतो. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचे कार्यक्षेत्र असते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून दाखल करता येते आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर नोंद केल्यास काही प्रकरणे तेवढ्यावरच मिटतात. संवाद, फोटो आणि चित्रीकरण ज्या मोबाइलमध्ये आहे तो विकू नये किंवा त्यातील माहिती पुसू नये, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात आल्याचा आनंद सर्वांनाच आहे, पण पहिल्याच दिवशी तिकडे पाहण्याचे हे काम नव्हे.

खासगी व्यक्तीकडून घेतली असेल तर वाट अवघड आहे. तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोग उपयोगी पडत नाही आणि भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. खोटे सांगितल्याचे दाखवावे लागते. म्हणून व्यवहारापूर्वी “इंजिनचे काम झालेले नाही, ऑइल खात नाही” असे विक्रेत्याने लिहिलेले संदेश इथे सोन्यासारखे ठरतात. तसे काही नसेल तर खर्चाचा काही वाटा सामंजस्याने मिळवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि तो न जमल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटाचा अर्ज करता येतो. मीटर फिरवल्याचा किंवा कागदपत्रे बनावट असल्याचा ठोस पुरावा असल्याशिवाय पोलीस ठाण्यात जाण्यात अर्थ नाही. तिथे “हा दिवाणी वाद आहे” हेच ऐकावे लागेल, आणि पुष्कळदा ते बरोबरही असेल.

विमा आणि कर्ज

सर्वसमावेशक विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज यांचा समावेश नसतो. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असेल तर पाणी शिरणे किंवा खालून मार लागून ऑइल गळणे यांमुळे झालेले नुकसान सहसा मिळते. पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो राहिला असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. कर्जाचे हप्ते मात्र गाडी उभी असली तरी थांबवू नयेत.

दुरुस्ती करावी, की गाडी काढावी

माझ्यापुढे तीन पर्याय ठेवले गेले होते : क्रँक घासून इंजिन बांधणे, भंगारातल्या गाडीचे चालू इंजिन आणून बसवणे, किंवा गाडी आहे तशी विकून टाकणे. दुसरा पर्याय सर्वांत स्वस्त होता आणि मी तो सर्वांत आधी बाजूला ठेवला. आणलेल्या इंजिनाचे आयुष्य कोणालाच माहीत नसते, शिवाय इंजिन क्रमांक आर.सी.वर नोंदलेला असल्यामुळे तो बदलला तर परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. त्या इंजिनाचे बिल आणि ते ज्या गाडीचे होते तिची रद्द झालेल्या नोंदणीची कागदपत्रे नसतील, तर उद्या ते चोरीच्या गाडीचे निघण्याचीही भीती असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या चालू स्थितीतील किमतीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असेल आणि बॉडी, गिअरबॉक्स चांगले असतील तर इंजिन बांधून घ्यावे, असे माझे मत आहे; निम्म्याच्या पुढे गेला तर गाडीवरचा जीव सोडावा.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बिल पक्के घ्यावे. सुटे भाग आणि मजुरी यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो वाचवण्यासाठी बिल सोडले तर भरपाई मागण्याचा आधारच जातो. माझे बिल कर धरून १,१८,००० रुपये झाले. सह्या केलेले पान आणि गाळाचे फोटो समोर असल्यामुळे विक्रेत्याने प्रकरण आयोगापर्यंत जाऊ दिले नाही, पण “दिवा लागल्यावर थांबला असता तर क्रँक वाचला असता” हा त्याचा मुद्दाही खोटा नव्हता. त्याने ७०,००० दिले, ४८,००० माझ्या अंगावर आले. तडजोडीच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतात, म्हणून इंजिन बांधून काही दिवस चालवून पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये. मी पैसे खात्यात जमा झाल्यावर आणि गाडी तीनशे किलोमीटर धावल्यावर सही केली.

इंजिन बांधताना

हाफ इंजिनचे (काही भागांपुरते) काम करून फुलचे (संपूर्ण बांधणीचे) पैसे घेतले जातात, त्यामुळे काय काय बदलणार याची यादी आधी करावी. क्रँक किती घासला, बेअरिंग कोणत्या अंडरसाइजचे (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणाऱ्या मापाचे) बसवले, बोअर किती मिलिमीटर निघाला हे लेथवाल्याकडून कागदावर घ्यावे, ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर यांतला फरक पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कळीचा असतो. ज्या कारणामुळे बेअरिंग गेले ते कारण इंजिनातच राहिले तर नवे बेअरिंगही जाते, म्हणून ऑइल पंप तपासून किंवा बदलून, जाळी, ऑइल कूलर आणि टर्बोला जाणारी बारीक नळी पूर्ण स्वच्छ करून घ्यावी. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत हवा मारून त्या मोकळ्या झाल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. हेडचे बोल्ट ज्या इंजिनांत एकदाच वापरायचे असतात तिथे ते नवेच घालावेत. तिथे काटकसर केली की गॅस्केट पुन्हा फुटते.

पहिले हजार किलोमीटर गाडी ओव्हरलोड करू नये, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नये आणि महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने पळवू नये. रिंगा बोअरमध्ये बसण्यासाठी वेग कमी-जास्त होत राहावा लागतो. ऑइलची पातळी रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, पाहावी. पहिले ऑइल पाचशे किलोमीटरच्या सुमारास बदलावे. मी गेलो तेव्हा मिस्त्रींनी या खेपेस लोहचुंबक काढलाच नाही. काढलेले ऑइल पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळले, फडके उन्हात धरून तिरपे करून पाहिले. नव्या रिंगांची करडी, पिठासारखी बारीक पूड त्यावर होती, ती या टप्प्यावर असतेच. तांबूस चकाकी कुठे दिसते का, हे आम्ही दोघांनी पुन्हा एकदा पाहिले, आणि मग नवा फिल्टर बसवला.